तेलावर रंग धरत नाही

हुसेनमियाँना मी खरं तर ओळखतच नव्हतो. सौदीतल्या दम्मामच्या एका कंपनीत ते पेंटर, मी स्टोअरकीपर. कंपनीने खाडीत तेलाचा काळा गाळ सोडला, तिवरं मेली. गाळ उपसताना मियाँचा धाकटा भाऊ इमाद गेला. मग पाहुणे येणार म्हणून साहेबांनी मियाँनाच भिंतीवर हिरवीगार तिवरं रंगवायला सांगितली.

मियाँनी बादली मागितली. मी न विचारता दिली. त्यांनी आधी भिंतीला तोच गाळ चोपडला, वर चित्र काढलं.

पाहुण्यांसमोर उन्हात हिरव्याचे पोपडे गळले, खालून काळं वर आलं. मियाँचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द झाला.

निघताना म्हणाले, "राजाभाऊ, तुमची बादली."

"राहू द्या. चहा घेणार?"

"अर्धा द्या. गाडी उभी आहे."