भिकुबाईची घागर फुटत नाही

सोनगीरमध्ये राहून मातीची भांडी विकायची म्हणजे हलवायाच्या दुकानासमोर बसून चुरमुरे विकण्यासारखं आहे. आमच्या गावात भांडं म्हटलं की तांब्या-पितळेचं. उजाडलं की तांबट आळीत हातोड्या सुरू होतात. त्या आळीच्या तोंडाशीच भिकुबाई कुंभारणीचं घर, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून माझं, म्हणजे तोताराम शिंप्याचं. माझ्या एका कानात सारा दिवस ठोके आणि दुसऱ्या कानात भिकुबाई. तांबट निदान जेवायला तरी थांबतात.

चाक फिरवायचं काम तिच्या नवऱ्याचं, चिंधाभाऊचं. तो माणूस असा गप्प की आपण बोलतोय ते भाऊशी की खांबाशी असं वाटावं. त्याच्या वाटचं बोलणंही भिकुबाईच करते. घडे वाळवायचे, गेरू लावायचा, आवा, म्हणजे घड्यांची भट्टी, भाजला की राख उपसायची, आणि बाजारात टोपलं नेऊन विकायचं, हे सगळं तिचं. विकणं म्हणजे काय तर भांडणं. गिऱ्हाईक आलं की आधी प्रत्येक घड्यावर टिचकी मारतं. एकदा नाही, चारदा. मग शेजारच्या घड्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. शेवटी म्हणतं, आवाज जरा बसका वाटतो. भिकुबाईचं उत्तर ठरलेलं असतं. लग्नाला पोरगी बघतोस तेव्हा तरी गाणं म्हणायला लावतोस का रे, असं ती विचारते, आणि तोवर गिऱ्हाईक पुढच्या टोपल्याकडे गेलेलं असतं.

दुसरा राग तिला माठ परत आणणाऱ्यांचा. बाई विहिरीवर घसरते, घडा फुटतो, आणि संध्याकाळी ठिकऱ्या पदरात घेऊन ती भिकुबाईच्या दारात उभी: तुझा घडा कच्चा निघाला. मी माझ्या ओट्यावर बसून टाके घालता घालता हे सगळं ऐकतो आणि मधूनच काडी टाकतो. शेजाऱ्याचा तेवढा हक्क असतोच.

आता सांगतो ती गोष्ट दुसरी लढाई लागण्याच्या आदल्या सालची. आखाजीची.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठी. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. मातीचीच लागते, तिथं तांबटाचं काही चालत नाही. घागरीवर पाणी भरलेला मातीचा लहान लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे देशावर ज्याला खरबूज म्हणतात ते, आणि दोन आंबे. मग चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकायची, म्हणजे पितरांच्या नावानं तुपाचा घास, आणि जेवायचं. ज्या घरात वर्षात कोणी गेलं असेल त्या घरची घागर साऱ्या भाऊबंदांच्या नजरेखाली असते. गेलेल्या माणसाला वर्षाचं पाणी त्या दिवशी पोचतं, अशी समजूत.

त्या साली लोटन आबांची आई गेली होती, सुंदरबाई. लोटन आबा म्हणजे गावातले बडे शेतकरी. दोन विहिरी, चांगली कपाशी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय. त्यांनी स्वतः बाजारात येऊन भिकुबाईकडून घागर निवडली. टिचक्या मारल्याच, पण घेतली. भिकुबाईनं तीन दिवस आम्हांला ऐकवलं की सुंदरबाईची घागर तिच्याकडून गेली. जणू सुंदरबाई स्वतः येऊन मागून गेली होती.

आखाजीला मी आबांकडे जेवायला होतो. घराला नवी फरशी घातलेली, नरडाण्याच्या स्टेशनवरून गाड्या भरून आणलेली. पानं मांडली होती ती त्याच फरशीवर. मातीचा लोटा आबांच्या मानाला शोभेना, म्हणून घागरीवर त्यांनी तांब्याची कळशी ठेवली होती, काठोकाठ भरलेली, आणि तिच्यावर हे एवढं डांगर. आगारी पडली, खापरावरच्या पुरणपोळ्या पानात आल्या, मी पहिला घास घेतला आणि माझ्या मांडीखाली गार लागलं. आधी मला वाटलं शेजारच्या म्हाताऱ्याचं काही झालं. मग पाहिलं तर पाणी घागरीखालून येत होतं. बुडाशी चीर गेली होती. पंगत संपेपर्यंत घागर रिकामी.

भाऊबंद असल्या वेळी फार मायाळू होतात. एक म्हणाला, म्हातारी तहानलेलीच राहिली. दुसरा म्हणाला, जिवंतपणी तरी कुठे. आबांचा चेहरा कळशीसारखा लाल झाला आणि ते मोठ्यानं म्हणाले की कुंभारणीनं कच्ची घागर गळ्यात मारली.

मी हात धुतले ते थेट भिकुबाईच्या दारात जाऊनच. बातमी गरम असेपर्यंतच तिला चव असते. तिनं ऐकलं, सगळ्यांत चांगली घागर उचलली आणि निघाली. मी मागे. दारातच आबांनी तिला अडवलं. नवी घागर त्यांच्या आत्यानं, ताईबाईनं, आत नेली आणि फुटकी बाहेर आणून दिली. कळशी आता ओसरीवर काढून ठेवलेली होती. भिकुबाईनं कळशीकडे पाहिलं, घागरीच्या चिरेकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. पण पितरांचा दिवस, घरात आगारीचा धूर. तिनं तोंड मिटलं. मी तिच्या शेजारी आयुष्य काढलं, असं कधी पाहिलं नव्हतं.

तिला गप्प पाहून आबांना चेव चढला. साऱ्या भाऊबंदांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "जाऊ द्या. गरीब माणूस. माफ केलं."

घरी आल्यावर मात्र तिचं तोंड उघडलं. मग जी सुटली ती थेट रात्रीच्या भाकरीपर्यंत.

"माफ केलं? मला? कळशी त्यानं ठेवली, एवढी धोंड माझ्या घागरीच्या उरावर ठेवली, आणि माफ मी झाले? मला चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं, तोतारामभाऊ. चोराला भांडता येतं. माफ केलेल्या माणसानं काय करायचं?"

खरं सांगतो, थट्टा बाजूला ठेवून मलाही तेव्हा राग आला. गावाची रीतच अशी की मोठ्याची चूक झाली तर ती लहानाच्या नावावर टाकायची, आणि वर क्षमा करून पुण्यही घ्यायचं. पंगतीत कळशी सगळ्यांनी पाहिली होती. एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही, कारण माझं तोंड पोळीनं भरलं होतं.

आणि माफीचा परिणाम शिवीपेक्षा वाईट झाला. उन्हाळ्याचा ऐन हंगाम, घरोघर पाण्याला माठ लागतो. पण भिकुबाईच्या टोपल्याशी बायका थबकायच्या आणि पुढे जायच्या. कोणी भांडेना, कोणी टिचकीही मारीना. हिच्या घागरीनं सुंदरबाईला तहानलेलं ठेवलं, एवढं बोलणं पुरे होतं. गिऱ्हाइकं बाहेरगावच्या कुंभाराकडे वळली. भिकुबाईचे घडे माझ्या भिंतीला रचत रचत पागोळीपर्यंत आले. पावसाळा लागला की माठ कोण घेणार, आणि पुढच्या आखाजीला तिची घागर कोण घरात घेणार? कुंभारणीचं नाव बुडालं की घडे काय, ठिकऱ्याच. मी तिला म्हटलं, वहिनी, माझी भिंत पडली तर तुमचे घडे माझ्या अंगावर येतील, काहीतरी करा. ती म्हणाली, करते.

पुढच्या बाजाराला तिनं फुटकी घागर टोपल्याच्या पुढ्यात उपडी मांडली, चीर लोकांकडे करून. तिच्या शेजारी एक नवी घागर पाण्यानं भरून ठेवली. मग सुकदेव तांबटाकडून आबांच्या कळशीएवढी कळशी मागून आणली, तीही भरली, आणि नव्या घागरीवर ठेवली. वर डांगर. मग कमरेला पदर खोचून तिनं साऱ्या बाजाराला बोलावलं. म्हणाली, लोटन आबाच्या घरी काय झालं ते आता इथं होईल, डोळ्यांनी पाहा आणि मग कोणी कोणाला माफ करायचं ते ठरवा.

बाजाराला दुसरं काय हवं. मिरचीवाल्या मिरच्या सोडून आल्या. बैलवाले आले. मी तर सगळ्यांत पुढे.

घागर उभी राहिली.

लोक उभे राहिले. ऊन चढलं. घागर पाझरली, नव्या घागरीनं पाझरावं तेवढी, आणि उभीच राहिली. कोणीतरी खाकरलं. मी म्हटलं, वहिनी, दुसरं डांगर आणू का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो, पण दुसरं डांगर कोणीतरी आणलंच. तेही ठेवलं. घागरीला काही नाही. भिकुबाई खाली वाकली आणि दातओठ खात आपल्याच घागरीला म्हणाली, "फूट ना वो, भवाने."

बाजार हसायला लागला. स्वतःच्या मालावर इतका चिडलेला दुकानदार सोनगीरनं पाहिलं नव्हतं. आणि नेमके त्याच वेळी लोटन आबा गर्दीतून पुढे आले. त्यांना कोणीतरी बोलावून आणलं होतं. माझं नाव घेतात लोक, पण ते असो. आबांनी उभ्या घागरीकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशा वर गेल्या.

"पाहिलंत? कळशीनं घागर फुटत नाही," ते म्हणाले. "दोन डांगरं ठेवली तरी फुटत नाही."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, म्हणजे आबा, घागर पक्कीच की मग. आबांच्या मिशा तिथंच थांबल्या. पण आमच्या घरची फुटली ना, ते म्हणाले, ती कच्ची होती. भिकुबाई म्हणाली, एकाच आव्यातल्या आहेत दोन्ही. आबा म्हणाले, काय पुरावा? आणि आता हे भांडण संध्याकाळपर्यंत चालणार असं वाटत असताना मागून ताईबाईचा आवाज आला. आबांची आत्या, पाठीत वाकलेली, काठी टेकत पुढे आली. तिनं काठीनं घागरीखालची धूळ उकरली.

"हिच्या खाले माटी शे," ती म्हणाली. "लोटननी खाले माटी ठेवू दिधी नही. नवी फरशी खराब व्हई म्हणे."

आता हे आमच्यात पोरालाही माहीत असतं. घागरीचं बूड गोल, म्हणून तिच्याखाली आधी ओली माती थापायची, तिच्यात घागर बसवायची. आबांनी फरशीच्या कौतुकापायी ती नुसती दगडावर उभी केली होती, दोन बाजूंनी ठिकऱ्या लावून. त्यात वर भरलेली कळशी. कोणाचंही बूड चिरलं असतं. ताईबाईनं पुढे हेही सांगितलं की भिकुबाईनं आणून दिलेली दुसरी घागर तिनं आबांची पाठ वळल्यावर मातीत बसवली, आणि ती अजून घरात आहे, आबा रोज तिच्यातलंच पाणी पितात.

कोणी हसलं नाही. आबांसारखा माणूस असा उभा राहिलेला पाहून हसायला धीर लागतो, आणि तो आमच्या गावात एकट्या माझ्याकडे आहे. मीही धोतराचा सोगा तोंडात धरला. आबा काहीतरी पुटपुटले आणि बैलबाजाराच्या दिशेनं निघून गेले.

मला वाटलं आता भिकुबाई खूश होईल. ती ताईबाईवर उखडली. अक्का, एवढे बाजार मी उन्हात बसून काढले, माझं नाव मातीत गेलं, आणि तुम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?

ताईबाईला त्यात काही वावगं दिसलं नाही. "माले कोनी इचारं नही," ती म्हणाली, आणि एक लहान माठ उचलून, टिचकी न मारता, काखेत घातला.

त्यानंतर झुंबड उडाली. सगळ्यांना तीच घागर हवी होती, दोन डांगरंवाली. भिकुबाई ती देईना. बाकीचे घडे मात्र जाऊ लागले, आणि ती विकता विकता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होती: आता आलात होय, इतके दिवस कुठे होता, माझ्या घड्याला काय महारोग झाला होता? गिऱ्हाइकं मान खाली घालून घडे घेत होती. असा राग करून माल विकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तो खपतही होता.

तरी तिचं समाधान नव्हतं. आबांनी माफी चारचौघांत दिली होती. ती परत कोण घेणार? काही दिवसांनी आबांचा सालदार, भटू, दारात आला. त्या बाजारापासून आबा ताईबाईनं मातीत बसवलेल्या घागरीला तोंड लावत नाहीत, त्यांना दुसरा घडा हवा, म्हणाला. भिकुबाई माठाला गेरू लावत होती. मान वर न करता तिनं सांगितलं की आबांना स्वतः यायला सांग. भटू म्हणाला, आबा यायचे नाहीत. ती म्हणाली, मग पितळेच्या घागरीतलं कोमट पाणी प्यायला सांग.

वैशाख संपत आला होता आणि ऊन असं होतं की पितळेतलं पाणी पिऊन तहान वाढायची. आबांनी किती दिवस धरलं ते मी मोजलं नाही. पण एका बाजाराला, भर गर्दीत, ते आले. भिकुबाईनं बसा म्हटलं नाही. त्यांनी घडा दाखवला, तिनं दिला. भटू घ्यायला पुढे झाला तर तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मागे झाला. मग लोटन आबांनी घडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तांबट आळीतून, सगळ्या दुकानांसमोरून, घराकडे निघाले. सुकदेवची हातोडी थांबली. मग शेजारच्याची. साऱ्या आळीत सामसूम झाली.

त्या शांततेत भिकुबाईचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. "आबा, खाले माटी ठेवज्यात."

आबांनी मागे पाहिलं नाही, पण मान हलवली. मी पाहिली. भिकुबाई म्हणते तिला दिसली नाही, आणि यावरून ती आजही माझ्याशी भांडते.