फार तर खुलासा

शनिवार, संध्याकाळी साडेसहा. ठिकाण : इंदिरानगर, आमच्या सोसायटीचं पार्किंग. तिथे मी, वय बावन्न, सहा पोरांची उलटतपासणी घेत उभा होतो.

हसू नका. आधी ऐका तरी!

माझी मुलगी इरा नऊ वर्षांची. आठवडाभर ती खेळायला खाली उतरली नव्हती. गॅलरीच्या गजांना नाक लावून बाकीच्यांची लपाछपी बघत बसायची. विचारलं तर, "मला नाहीच खेळायचं." डबाही अर्धाच खाऊन परत. सांगा, कुठल्या बापाचा जीव थाऱ्यावर राहील? मला तर तिचं सगळं आयुष्य दिसायला लागलं : शाळेत एकटी, कॉलेजात एकटी, म्हातारपणी याच गॅलरीत एकटी!

"तिला वाळीत टाकलंय," मी बायकोला म्हणालो. "सरळ सरळ बहिष्कार आहे हा."

"अरे, आधी तिलाच नीट विचार," मेधा म्हणाली.

"अन्यायग्रस्ताला काय विचारायचं? सूत्रधार शोधायचा असतो!"

पंचवीस वर्षं बातमीदारी केलीय मी. घोटीपासून येवल्यापर्यंत भल्याभल्यांना घाम फोडलाय. ही पोरं काय चीज! वही-पेन घेऊन उतरलो. संशयित : दुसऱ्या मजल्यावरचा अद्वैत, इराच्याच वयाचा. खेळात राज्य कोणावर, हे तोच ठरवतो.

"अद्वैत, इराला खेळायला घ्यायचं नाही, हा निर्णय कोणाचा?"

"कोणाचाच नाही काका."

"म्हणजे सर्वानुमते! कधी झाला? कोण कोण हजर होतं?"

तो गप्प. मी वहीत लिहिलं, 'मौन बाळगले.'

"काका, तुम्ही पोलीस आहात का?" छोट्या सईने विचारलं.

"पोलीस परवडले! अद्वैत, बोलतोस, की उद्या नाव छापू? फोटोसकट?"

एवढंच म्हणालो हो! पोराने असं भोकाड पसरलं, की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. त्याची आई पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आली.

"अहो, लेकराला धमक्या देताय? लाज नाही वाटत?"

"मी फक्त प्रश्न विचारतोय. जनतेला कळायला..."

"कुठली जनता? सहा पोरं आहेत इथे!"

तेवढ्यात सई म्हणाली, "काका, इराला धप्पा दिला ना, तरी ती परत राज्य घेत नाही. म्हणते, पुरावा दाखव."

"आणि मला ढकललं," अद्वैतने हुंदके देत गुडघ्यावरची खपली दाखवली. "सॉरी म्हण म्हटलं, तर म्हणाली, आमच्याकडे माफी मागत नाहीत. फार तर खुलासा करतात."

अहो, ते वाक्य माझं! जेवता जेवता फोनवर ऑफिसला ओरडून सांगतो मी : माफीबिफी नाही, फार तर खुलासा छापू. वर पाहिलं. गॅलरीत इरा उभी. सगळं ऐकत होती.

घरी गेल्यावर तिला समोर बसवलं. चूक झाली की कबूल करावी, त्याने माणूस लहान होत नाही, असं लांबलचक भाषण झोडलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"मग तू म्हणालास अद्वैतला सॉरी?"

"मी... त्याच्या आईला म्हणालो ना. गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे."

"बाबा, हा खुलासा आहे."

रविवारी सकाळी ती एकटीच दुसऱ्या मजल्यावर गेली. मी जिन्यात कान लावून उभा. "मी ढकललं. चुकलं माझं. सॉरी." संपलं! पाच मिनिटांत खाली आरडाओरडा सुरू. पहिला धप्पा तिलाच बसला. तिने पुरावा मागितला नाही.

याला आता आठवडा झाला. मी दिसलो की अद्वैत गाडीमागे लपतो, आणि तेव्हा लपाछपी चालू नसते. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. बेल काही दाबली नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला धमकावून रडवल्याबद्दल अद्याप कोणीही माफी मागितलेली नाही.