दुसऱ्या दारानं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. कंपनीच्या वेबपानावरच्या लिंकवरून माझा फोल्डर उघडला की एरवी दिसणारी फोल्डरांची पिवळी चित्रं जायची, नुसती नावांची यादी उरायची. मी फाइल चित्राच्या जागेवरून ओळखायचो, त्यामुळे यादीत काहीच सापडायचं नाही. "घालवल्यास ना फाइली?" साहेब ओरडायचे.

मग पेणचा कंप्युटरवाला पॅसेंजरने यायचा, चष्मा शर्टाला पुसायचा, सेटिंग बदलायचा. आठवड्यात पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्याने हात मांडीवर टाकले.

"फाइली हायत तिथंच हायत, भाऊ. दुसऱ्या दारानं शिरलं की आपलंच घर परकं वाटतं. मी तरी काय करू?"

पुढे एकदा तो पेण स्टेशनवर दिसला. मी हसून हात केला. थकल्या डोळ्यांनी बराच वेळ बघून त्याने विचारलं, "कोन तुमी?"