भट्टीतल्या वाट्या

लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मला जगातलं सगळं येत होतं. अंगानं काडी, वेणी कमरेखाली आणि डोक्यात नुसती हवा. माहेर साताऱ्याकडचं, उसाच्या बागायतीचं, नवरा फौजेत. शहाणपणाला तोटाच नव्हता. आज ती पोरगी पुढ्यात येऊन उभी राहिली, तर मी तिला आधी पोटभर जेवू घालीन आणि मग चार शब्द सुनावीन. जेवणाआधी नाही.

त्याच सालात माझ्या आईचं पोट बिघडलं. आम्ही तसंच म्हणायचो, पोट बिघडलं. गावात काढे झाले, अंगारे झाले, शेवटी मी जवळ आहे म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला मिरजेला आणून दवाखान्यात घातलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटात गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल. पण या अंगावर आत्ता सुरी लावता येणार नाही. आधी खाऊन पिऊन थोडं वजन वाढू दे. मऊ, हलकं काहीतरी द्या. सकाळी लवकर."

झालं. डॉक्टरांनी हे मला सांगितलं होतं, आबांना नव्हे. त्यामुळे आईचा जीव वाचवायचं काम माझ्याकडे आलं, असा मी हिशेब केला. आई दवाखान्याची पेज ओकून टाकायची. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी घशाखाली उतरायची नाही. मग मला फडताळातला डबा आठवला.

तो डबा आमच्या ह्यांनी मागच्या सुट्टीत फौजेच्या कॅन्टीनमधून आणला होता. ओटचा. साहेबलोकांच्या मेसमध्ये स्वयंपाकी त्यात दूध, फळं घालून वाट्यांतून भाजतो, आणि एकदा भाजलं की दोन-तीन दिवस सकाळच्या न्याहारीची काळजी नाही, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मला हेच हवं होतं. कारण आमच्या घरी सकाळची चूल सासूबाईंच्या ताब्यात. सासऱ्यांची गिरणीची पाळी, त्यांचा डबा, पाण्याची पाळी, या सगळ्यातून मला चूल मिळेपर्यंत मिरजेची पहिली गाडी निघून गेलेली असायची.

मी दुधात ओट भिजवले. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, येऊन बघायला लागल्या.

"काय गं हे?"

"ओट. साहेबलोक खातात."

"आमच्या वडलांच्या घोडीला जई घालायचे. ती जईबी आसलीच दिसायची."

"घोडी कशी होती?"

"कशी म्हंजे? धडधाकट हुती."

"मग झालं तर."

"आनी हे आज करून परवाच्याला देनार? आजारी मानसाला शिळं?"

"शिळं नव्हे आत्याबाई, आधी केलेलं."

"कालचं म्हंजे शिळंच की गं, बाई!" असं म्हणून त्या गेल्या. पण जाताना सायीच्या भांड्यावरचं झाकण काढून ठेवून गेल्या. साय घे, असं तोंडानं म्हणणं त्यांना जड जायचं.

भाजायचं कुठं, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या पेठेत एक बेकरी होती. दिवाळीच्या तोंडाला सगळ्या बायका घरून नानकटाईचं पीठ मळून तिथं न्यायच्या. पत्र्यावर मांडून दिलं की भट्टीवाले चाचा आपल्या लांब दांड्याच्या फळीनं पत्रा आत सरकवायचे. आपली नानकटाई दुसरीकडे जाऊ नये म्हणून कुणी पत्र्याच्या कोपऱ्यात चिंचोका ठेवायचं, कुणी दोरा बांधायचं. मी गेले ते शिमग्याच्या आसपास. भर दुपारी, रुखवतात आलेल्या स्टीलच्या वाट्या टोपलीत घेऊन. प्रत्येक वाटीवर माझं नाव कोरलेलं, म्हणजे चिंचोक्याची गरज नाही, हे सुद्धा मी चाचांना ऐटीत सांगितलं.

त्यांनी वाटीत डोकावून बघितलं. मऊ ओट, कुस्करलेलं केळं, आमच्याच गुऱ्हाळाचा गूळ, वेलदोडा, वर तासगावची द्राक्षं. आई माळकरी, म्हणून अंडं नव्हतं.

"बेटी, दिवाळी होऊन गेली की."

"आईला द्यायचंय. मिरजेत आहे. खाल्लं तर ऑपरेशन होणार."

त्यांनी टोपली माझ्या हातातून काढून घेतली. पाव काढून झालेले होते, भट्टी उतरत्या आचेवर होती. वाट्या आत गेल्या. पहिल्या खेपेला मी वाट्यांना लोणी लावायलाच विसरले होते, त्यामुळे जे बाहेर आलं ते उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. चाचा म्हणाले, "नाव तेवढं झकास भाजलंय." दुसऱ्या खेपेला जमलं. वरून तांबूस, आतून लुसलुशीत, द्राक्षं फुगून फुटलेली. मी तिथंच भट्टीपाशी उभी राहून एक खाल्ली आणि मनातल्या मनात आईला घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मिरज. आई उशीला टेकून बसलेली. मी वाटी तिच्या हातात दिली.

"ह्ये तू केलंस?"

"मग काय शेजारणीनं केलं?"

तिनं वरचं द्राक्ष उचलून तोंडात घातलं, डोळे मिटले. "झ्याक झालंय गं."

"सगळं खायचं."

"खाते की. तू आशी टक लावून बसलीस तर माझा घास गिळंना. जा, नळावरनं तांब्या भरून आण ताज्या पान्याचा."

मी तांब्या घेऊन पळाले. नळ व्हरांड्याच्या टोकाला, तिथं रांग. परत आले तर वाटी चाटूनपुसून स्वच्छ. मला आभाळ ठेंगणं झालं. मग हे रोजचंच झालं. मी वाटी द्यायची, ती फळ उचलायची, "तांब्या" म्हणायची, मी पळायची. कालचा तांब्या भरलेला तसाच असायचा, तो मी ओतून द्यायची आणि नवा भरून आणायची. इतकं पाणी मागणारी बाई पाणी पीत का नाही, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. हुशार होते ना.

शेजारच्या खाटेवर आटपाडीकडची एक मेंढपाळाची बायको होती. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळभर कुंकू. तिचा नवरा बाहेर झाडाखाली घोंगडं टाकून बसलेला असायचा. मी तांब्या घेऊन परत यायची तेव्हा ही बाई भिंतीकडे तोंड करून असायची. मला वाटायचं, बिचारी लाजते.

भट्टीवर गेले की चाचांचा एकच सवाल असायचा. "खाल्लं का आईनं?"

"खाल्लं! वाटी धुवायला नको, अशी खाल्ली."

मग ते खूश व्हायचे आणि माझा पत्रा पावाच्या आधी घ्यायचे. आणि एका आठवड्यात सिस्टरनं वजन केलं तर खरंच वाढलं होतं! मी सबंध वॉर्डात साखर वाटली. डॉक्टरांकडे बघून असं हसले, जणू त्यांनी माझ्याकडून काही शिकावं. आत्याबाईंना सांगितलं, "बघा, घोडीचं खाणं." त्या म्हणाल्या, "आसू दे बाई, आसू दे," आणि देवापुढे हात जोडले.

त्या रविवारी आबा आले ते राहिलेच. गुऱ्हाळाचा चरक मोडलाय, म्हणाले. ऐन हंगामात चरक मोडलाय आणि हा माणूस व्हरांड्यात शांत बसलाय, याचंही मला काही वाटलं नाही. महाबळेश्वरच्या गाडीच्या कंडक्टरकडून त्यांनी स्ट्रॉबेरीची करंडी मिळवून आणली होती.

"आबा, वजन वाढलं!"

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि पटक्याचा शेमला झटकत बसले. पटक्याला काही लागलेलं नव्हतं.

आईनं स्ट्रॉबेरी जन्मात पाहिली नव्हती. एक कच्चीच तोंडात टाकली आणि तोंड असं वाकडं केलं, की शेजारची बाई पण हसली. "आंबाट हाय की गं! फुडच्या बारीला गूळ जरा जास्त घाल." फुडच्या बारीला म्हणाली, म्हणजे तिला पुढचं हवं आहे! मी सगळी करंडी चिरली, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाट्या काढल्या आणि दोन-तीन दिवसांचा हिशेब विसरून सबंध आठवड्याची न्याहारी एकदम भाजली. गूळ दुप्पट. चाचांनी पत्रा दोनदा लावला.

त्यातल्या पहिल्या वाट्या घेऊन सकाळी पोचले, तर आईच्या खाटेभोवती पडदा होता. आबा बाहेर उभे होते, पटका हातात, डोकं उघडं. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"पहाटंच गेली, बाळ."

मी डबा पुढे केला. "पण मी आणलंय," म्हणाले.

एवढंच बोलले मी. पुढची कितीतरी वर्षं मला ते वाक्य आठवलं की अंगावर काटा यायचा. आता ते आठवलं की त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटतं. माझ्या हातातला डबा कुणीतरी काढून घेतला. ती शेजारच्या खाटेवरची बाई होती, स्वतःचं दुखणं धरून वाकून उभी राहिलेली.

आईला गावी नेलं. नदीवर सगळं झालं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या आवडीचं मांडलं: भाकरी, ठेचा, शेंगांची पोळी, मिश्रीची डबी. मी बघत राहिले. माझी वाटी त्यात नव्हती. सगळ्या भावकीसमोर मी ओरडले, "तिला ओटच्या वाट्या आवडत होत्या! रोज खायची ती!" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आबा माझ्याजवळ आले. "व्हय बाळ," म्हणाले, "लय आवडत हुत्या." आणि त्यांनी मान फिरवली.

दिवस झाल्यावर सांगलीला परतले. आईचं लुगडं, तांब्या आणि माझा डबा दवाखान्यात राहिला होता, तो आणायला गेले. आईच्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं. आटपाडीची बाई तशीच होती. तिनं खाटेखालून डबा काढला. वाट्या राखेनं घासून लखलखीत केलेल्या.

"तुज्या आईच्या नावानं खाल्ल्या आमी. मी नि मालकानं," ती म्हणाली. "शेवटच्या लय ग्वाड हुत्या."

"आई पण म्हणायची, छान लागतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खाटेवर हात थोपटला. मी बसले.

"पोरी, आता सांगाया हरकत न्हाई. तुज्या आईच्या गळ्याखाली फकस्त वरचं फळ उतरायचं. तेबी एकांदं. तू पान्याला गेलीस की वाटी माज्याकडं यायची. म्हनायची, खा बाई बिगीबिगी, पोरगी येतीया. मी भिंतीकडं तोंड करून बकाणं भरायची. उरल्यालं मालकाला."

मी मांडीवरच्या डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"आनी वजनाच्या दिशी कनवटीला अडकित्ता बांधून काट्यावर चढली हुती. सिस्टरनं मागनं धरलीच की! लय हसल्या दोगी बी. मग डाक्टरनं तुज्या बापाला बलिवलं नि काय ते सांगितलं. आता आपरेशन हुनार न्हाई म्हून."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्या वार्डाला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीच नगं म्हनली. म्हनली, करू द्या तिला. हात रिकामं ऱ्हायलं तर पोरगी रडत बसंल."

साखर वाटली होती मी. त्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन, नाचत. आणि प्रत्येकानं ती घेतली होती. कुणाच्याही तोंडावर काही दिसलं नव्हतं. काही बायकांनी तर माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली होती.

मी उठले तेव्हा त्या बाईनं हळूच विचारलं, "परवा माजं आपरेशन हाय. मागनं मऊच खायाचं म्हनत्यात. तू म्हनायचीस ते घोड्याचं तुज्याकडं अजून हाय का गं?"

फडताळातल्या ओटच्या डब्याच्या तळाशी थोडे ओट होते. घरी येऊन ते भिजवले. फळ म्हणून घरात एक केळं होतं, नि आत्याबाईंनी देवापुढचा चिकू उचलून माझ्यासमोर ठेवला. दुपारी टोपली घेऊन बेकरीत गेले. इतक्या दिवसांत चाचांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"किती दिवसांनी, बेटी! मला वाटलं, ऑपरेशन झालं की काय. आई कशी आहे? खाते का?"

सांगायचं म्हणूनच गेले होते मी. तोंड उघडलं होतं. भट्टीची धग चेहऱ्यावर येत होती आणि ते फळी हातात धरून, मान वाकडी करून वाट बघत होते.

"खाते," मी म्हणाले. "वाटी धुवायला नको, अशी."

"वा!" ते म्हणाले. बरणीतून मूठभर बेदाणे काढून त्यांनी एकेक करून माझ्या वाट्यांवर लावले, बोटानं दाबून. "हे माझ्याकडून. सांग आईला."

"सांगते," म्हणाले, आणि तांब्या भरायला जावं तशी बाहेर नळावर गेले.