पाडायची भिंत

मार्केट यार्डामागे माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. समोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक संस्था थोडक्या फीमध्ये गवंडीकाम शिकवते. तिथे भिंत सिमेंटऐवजी मातीत बांधायची आणि संध्याकाळी उतरवायची. त्याच विटा उद्या पुन्हा वापरायच्या, म्हणून परवडतं.

शिकणाऱ्यांत ती एकटीच बाई. पाडताना बाकीचे भिंतीला लाथ घालायचे. ती मात्र एकेक वीट काढून पदराने पुसायची, रचून ठेवायची. निघताना विटांवर माती पसरायची स्वतःची थापी धुऊन जेवणाच्या पिशवीत घालायची.

एकदा मी म्हटलं, "अहो बाई, पाडायचीच भिंत ओळंबा सोडून एवढी सरळ कशाला बांधता?"

"इतकी वर्षं साइटवर घमेलंच वाहिलं, काका. ओळंब्याला कुणी हात लावू दिला नाही. आधी दोन क्लास बघितले. एकाची फी ऐकूनच उठले. दुसरीकडं नुसता टीव्ही दाखवायचे. इथं भिंत माझी हाय. संध्याकाळपर्यंत का होईना."

मी तिच्यासाठी चहा मागवला. पुण्यातल्या दुकानदाराकडून असं सहसा होत नाही.

तिचा कोर्स संपला. परवा बिबवेवाडीत एका नव्या बांधकामावर ती दिसली. डोक्यावर घमेलं होतं. ते गवंड्यापुढे रिकामं करून ती थांबली, एक डोळा मिटून तिने त्याची भिंत निरखली आणि वळली.

"अजून गवंडीकाम देत नाहीत?" मी विचारलं.

"मुकादम म्हणतो, बघू." तिने कोपऱ्यातल्या जेवणाच्या पिशवीकडे पाहिलं. "थापी रोज आणते, काका."