पहिल्या शब्दापुढे न वाचलेल्या तक्रारी

पोळ्यानंतरचा सोमवार: पहिली तक्रार. जबाबदार, आमच्या ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक.
घटस्थापना: दुसरी तक्रार. जबाबदार, तक्रार-क्रमांकाची यंत्रणा बसवणारा ठेकेदार.
दसऱ्याचा आदला दिवस: भिंत पडली. जबाबदार, वरील दोघे, संयुक्तपणे आणि पृथकपणे.

मी दिवाणी न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो आणि बोरी अरबजवळच्या आमच्या गावी परतलो. शेजारी एक वयस्क शेतकरी आणि त्याची बायको राहतात. नळयोजनेचा पाइप त्यांच्या मातीच्या भिंतीलगत फुटला आणि पाणी भिंतीच्या पायात मुरू लागले. त्याच भिंतीला लागून आत त्यांची खाट होती.

पंचायतीने कार्यालयाच्या दर्शनी भागावर तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक रंगवला होता. शेजाऱ्याने त्यावर लिहिले, 'राम राम साहेब, तक्रार हाये, आमच्या भिताडात पानी मुरून राह्यलं.' तत्काळ उत्तर आले: 'आपल्या शुभेच्छांबद्दल आभार.' ते त्याने मला दाखवले.

"वकीलसाहेब, भिताड पडलं का मंग केक बी धाडतीन हे लोक."

मी वकील नाही. माझ्या अर्ज लिहिण्यामुळे गावाने चेष्टेने दिलेली ती पदवी आहे.

ग्रामसेवकांना भेटलो तर ते म्हणाले, तोंडी ऐकणे बंद, सर्व काही क्रमांकावर पाठवा. म्हणून दुसरी तक्रार मी स्वतः लिहिली. माथ्यावर श्री, खाली प्रति, विषय, मग मजकूर. श्री नसलेले पत्र आमच्याकडे कोणी गेल्याची वार्ता घेऊन येते. पाकीट हातात घेतानाच माणसे दचकतात. माझ्या पत्रालाही शुभेच्छांबद्दल आभारच मिळाले. त्यानंतर भिंतीचा पोपडा सुटू लागला, आणि मी यवतमाळला जाणारी एसटी धरली.

ठेकेदाराचे कार्यालय लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथल्या तरुण अभियंता मुलीने चहा दिला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आलेला मजकूर 'तक्रार' या शब्दाने सुरू होतो का, एवढेच प्रोग्राम तपासतो. होत असेल तर त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. राम राम, नमस्कार किंवा श्री अशी सुरुवात असेल तर मजकूर शुभेच्छांच्या कप्प्यात जातो. त्या कप्प्यात आमच्या गावाची तुंबलेली नाली होती, बंद पडलेला दिवा होता, आणि प्रत्येकाच्या तोंडी आधी राम राम होता.

"पुढचा मजकूर कोण वाचतो?" मी विचारले.

"कोणीच नाही, काका. सुरुवात जुळली तरच पुढे जातो."

"शब्द मध्ये कुठेही आला तरी चालेल, असे करता आले असते?"

"एका ओळीचं काम होतं. पण तसं कोणी सांगितलंच नाही."

हा नियम कोठे प्रसिद्ध केला, असे विचारल्यावर तिने ठेकेदाराला फोन लावला. लोकांना आपोआप समजेल असे वाटले होते, हे त्याचे उत्तर. जुनी तक्रार त्या कप्प्यातून हलवता येत नव्हती. मी तिथूनच शेजाऱ्याला फोन केला आणि 'तक्रार' हा शब्द अगदी आरंभी लिहायला सांगितले.

तो भडकला. "कोनाच्या दारात जाऊन राम राम न करता एकदम भांडाले लागू काय? जनावर हाओ का मी?"

मी म्हणालो, आज तसेच कर. त्याने केले. नोंदणी क्रमांक आला. दुरुस्ती दसऱ्यानंतर होईल, असेही कळवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भिंत आतल्या बाजूने कोसळली. त्याची बायको अंगणात चुलीपाशी होती म्हणून वाचली. खाटेचे तुकडे झाले. आता दोघे माझ्या ओसरीवर झोपतात, आणि ती बाई थोडाही आवाज झाला की उठून बसते.

भिंत पडल्यावर मी पंचायतीला पाठवलेल्या पत्राचे लेखी उत्तर आले आहे: सदर तक्रार घटनेच्या केवळ आदल्या दिवशी प्राप्त झाली, सबब विलंब झालेला नाही. मी आयुष्यभर आवक-जावक सांभाळली आहे. पत्र कार्यालयात पोचले की ते प्राप्त होते. ते उघडून न वाचणे हा पाठवणाऱ्याचा दोष होऊ शकत नाही.

ग्रामसेवक आणि ठेकेदार यांनी येत्या ग्रामसभेत, त्या नवरा-बायकोसमोर, ध्वनिक्षेपकावरून उत्तर द्यावे: पहिली तक्रार तुमच्या यंत्रात पोचली त्या दिवशी भिंत उभी होती की नव्हती? होय किंवा नाही, एवढेच सांगावे, आणि ते इतिवृत्तात नोंदवावे.