चंद्रावरचे दोन फुगे

आठवडी बाजारात सुकलेल्या झिंग्यांचा वास आला की मला माझी दुर्बीण आठवते. चामोर्शीला शेजारी राहणाऱ्या शेवंताबाईंच्या हातांना तोच वास असायचा. गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी उभं राहून त्या पाणी कुठे फुगलंय ते बोटाने दाखवायच्या, आणि त्यांचा मुलगा नेमकं तिथेच जाळं टाकायचा.

एका संध्याकाळी परसात मी त्यांना दुर्बिणीतून सहा दिवसांचा चंद्र दाखवला.

"त्या खड्ड्यापाशी दोन फुगे दिसून राह्यले, मास्तर. खालून मासा आल्यावानी."

मी हसलो. त्या गेल्यावर डोळा लावला, तर तिरप्या उन्हात खरंच दोन बुटके घुमट उभे होते, जुन्या ज्वालामुखीचे. मी ते कित्येक महिने शोधत होतो. चित्र काढलं आणि खाली फक्त माझं नाव घातलं.

दुसऱ्या संध्याकाळी चंद्रावर तिथलं ऊन वर चढलं होतं. सावल्या गेल्या, तसे घुमटही दिसेनासे झाले. शेवंताबाईंनी बराच वेळ पाहिलं.

"काल होते ना, मास्तर?"

"नाई बाई, कालही काई नव्हतं."

"मंग माहे डोळेच गेले असतीन."

त्यानंतर बोडीवर शेवंताबाई मुलालाच विचारायच्या, "पाणी कुठी फुगलं रे?"